एकेकटा पोपट विकणं थांबवा

दक्षिण अमेरिकेतले छोटे पोपट घरी पाळावेत की नाही, हा वाद कुठेही निघाला की दोनच वाक्यांवर येऊन अडतो. एक बाजू म्हणते, ‘पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा आहे, सोडून द्या त्यांना.’ दुसरी म्हणते, ‘आमचा पक्षी रानातून पकडलेला नाही, ब्रीडरकडे जन्मलेला आहे, मग बिघडलं कुठे?’ दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि त्या पक्ष्याचा दिवस कसा जातो याची चौकशी दोघांनाही नको असते. ग्रीन चीक कॉन्युअर, सन कॉन्युअर, पाळणाऱ्यांच्या बोलीत क्वेकर म्हणवला जाणारा मंक पॅराकीट, मुठीत मावणारा पॅरटलेट हे पक्षी आजच्या घडीला जगभर असंख्य घरांत आहेत आणि वाद कुणीही जिंकला तरी उद्याही तिथेच असणार आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. या पक्ष्यांचं सगळ्यात मोठं नुकसान दोन गोष्टींनी होतं. पिल्लाला आईबापांपासून फार लवकर तोडलं जातं आणि पुढे जन्मभर त्याला आपल्या जातीचा दुसरा पक्षी भेटत नाही. म्हणून स्वतः खायला न लागलेलं पिल्लू विकणं आणि एकेकटा पोपट विकणं, या दोन गोष्टी कायद्यानं बंद व्हाव्यात. हे बंधन विकणाऱ्यावर हवं. पाळणाऱ्याला दुष्ट ठरवून किंवा पक्ष्याला खिडकीतून उडवून लावून काहीही साधणार नाही.

आधी ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या रागाचं मूळ मला पटतं. पोकळ हाडं, फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या, छातीचे भरभक्कम स्नायू असं ज्याचं सगळं शरीर उडण्यासाठी घडलं आहे, त्याला हातभर पिंजऱ्यात कोंडायचं आणि वर पंखही छाटायचे, हे कुठल्याही प्रेमात बसत नाही. पण सोडल्यावर काय होतं? बोलिव्हियाच्या रानातलं ग्रीन चीकचं पिल्लू कुठलं झाड कधी फळतं, पाणी कुठे आहे, ससाणा दिसल्यावर कसं गप्प व्हायचं आणि रात्री कुठल्या ढोलीत शिरायचं, हे थव्यात राहून शिकतं. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला यातलं काहीच कुणी शिकवलेलं नसतं. त्याला त्याच्या मूळ रानात नेऊन सोडलं तरी तगणं अवघड. मग परक्या खंडात, परक्या हवेत सोडल्यावर तो किती दिवस काढणार? अशा सुटकेत पक्ष्याच्या वाट्याला उपासमार येते आणि माणसाच्या वाट्याला समाधान.

आणि समजा तो तगला, तर पुढची गोष्ट आणखी वाईट आहे. मंक पॅराकीट हा मूळचा अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि दक्षिण ब्राझीलचा पक्षी. काटक्या रचून मोठी सामाईक घरटी बांधणारा पोपटांमधला हा एकटाच. ढोलीवर अवलंबून नसल्यानं तो कुठेही संसार थाटू शकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाखोंच्या संख्येनं त्याची निर्यात झाली, त्यातले काही निसटले, काही कंटाळून सोडले गेले, आणि न्यूयॉर्कपासून बार्सिलोनापर्यंत त्यांच्या वसाहती झाल्या. मग काय झालं? अमेरिकेत १९७०च्या दशकात त्यांना संपवण्याच्या मोहिमा निघाल्या. कनेक्टिकटमध्ये २००५ साली विजेच्या खांबांवरची घरटी उतरवून त्यातले पक्षी पकडून मारले गेले. स्पेननं २०११ मध्ये हा पक्षी बाळगण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली, आणि २०१९ मध्ये माद्रिद महापालिकेनं शहरातल्या हजारो पक्ष्यांची संख्या त्यांना मारून कमी करण्याची योजना जाहीर केली. सोडणाऱ्यांपैकी कुणाला यातलं काही भोगावं लागलं का? निर्यातदार, दुकानदार, हौशी मालक यांच्यापैकी कुणालाच धक्का लागला नाही. सगळा हिशेब पक्ष्यांनी चुकता केला.

पोपट नकोसा झाला की माणूस काय करतो, हे जगानं त्याआधीही पाहिलं होतं. १९२९ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतून आलेल्या पोपटांमार्फत सिटॅकोसिस हा श्वसनाचा आजार युरोप-अमेरिकेत पसरला. एकट्या अमेरिकेत तीसहून अधिक माणसं दगावली, आणि जानेवारी १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. घाबरलेल्या लोकांनी काल-परवापर्यंत घरातलं माणूस म्हणून मिरवलेल्या पक्ष्यांच्या माना मुरगळल्या, कुणी त्यांना रस्त्यावर सोडून दिलं. म्हणून पाळलेल्या पक्ष्याला ‘मुक्त’ करण्याची भाषा आली की मी सावध होतो.

आता दुसरी बाजू. ‘पिंजऱ्यातच जन्मलेला आहे’ या युक्तिवादात तथ्य आहे, आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. एके काळी हे पक्षी जाळी लावून, झाडं तोडून, ढोलीतली पिल्लं ओढून काढून आणले जात आणि वाटेतच मोठ्या संख्येनं मरत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या एकवीस जातींच्या घरट्यांची पाहणी एकत्र केली होती. सरासरी तीस टक्के घरटी लुटली जात होती. त्याच अभ्यासात असंही दिसलं की अमेरिकेनं १९९२ च्या वन्य पक्षी संरक्षण कायद्यानं आयात रोखल्यावर ही लूट घटली. युरोपीय संघानं बर्ड फ्लूच्या निमित्तानं २००५ मध्ये आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायम केली. आज तिथल्या घरांतले बहुतेक कॉन्युअर पैदाशीतले आहेत, आणि हा बदल चांगलाच आहे.

पण पिंजऱ्यात जन्मला म्हणजे तो पाळीव झाला का? कुत्रा, कोंबडी, कबूतर यांच्यामागे हजारो वर्षं आहेत. बजरीगर या ऑस्ट्रेलियातल्या छोट्या पोपटालाही १८४० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत जोडी इंग्लंडला नेल्यापासून पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली. ग्रीन चीकची पैदास मोठ्या प्रमाणावर सुरू होऊन काही दशकंच उलटली आहेत. काळ थोडा असला तरी फरक पडू शकतो, असं कुणी म्हणेल, आणि त्याच्या बाजूनं दाखलाही आहे. रशियन जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सायबेरियात रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतले सगळ्यात शांत कोल्हे तेवढे निवडून त्यांची पैदास केली, आणि थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवत माणसाकडे धावणारी पिल्लं जन्माला येऊ लागली. मग पोपटांच्या बाबतीत ते का घडू नये? घडलं असतं, जर ब्रीडरांनी स्वभाव पाहून जोड्या लावल्या असत्या. त्यांनी पाहिला रंग. पाइनॅपल, सिनॅमन, टर्क्वॉइज, यलो-साइडेड ही सगळी नावं पिसांची आहेत. एकटं राहण्याची ताकद, कमी ओरडण्याची प्रवृत्ती, थव्याची गरज कमी असणं यांसाठी कुणी काही निवडलेलं नाही. रंग बदलला, आतला पक्षी रानातलाच राहिला.

पैदाशीमुळे जाती वाचतात, हा याच बाजूचा आणखी जोरकस मुद्दा. याचं सगळ्यात मोठं उदाहरण स्पिक्स मकाव हा ब्राझीलमधला निळा पोपट. रानातला शेवटचा नर २००० साली दिसेनासा झाला. पुढची वीस वर्षं ही जात फक्त पिंजऱ्यांत उरली होती, त्यातही बरीचशी खासगी संग्रहांत, आणि तिथूनच वाढवलेले पक्षी २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या बाहिया राज्यात पुन्हा सोडले गेले. पिंजरे नसते तर हा पक्षी आज नसता. हे मान्य. पण तिथे प्रत्येक पक्ष्याच्या वंशाची नोंद होती, जोड्या त्यावरून ठरत होत्या, आणि पिल्लांना प्रौढ पक्ष्यांच्या सोबतीत रानासाठी तयार केलं गेलं. दिवाणखान्यात एकट्या बसलेल्या सन कॉन्युअरचा त्या कामाशी काय संबंध?

सन कॉन्युअरचीच गोष्ट पाहा. पिंजऱ्यात त्याची पैदास अमाप आहे, पाळीव पक्ष्यांच्या बाजारात तो कुठेही मिळतो. रानात मात्र तो गयाना आणि ब्राझीलच्या रोराइमा राज्याच्या सीमेलगतच्या पट्ट्यात उरला आहे, तोही थोडा, आणि धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. व्यापारासाठी इतका पकडला गेला की गयानाच्या बहुतेक भागातून तो नाहीसा झाला. बाजारात मिळणाऱ्या पक्ष्यांमध्ये जेंडे कॉन्युअर या त्याच्या जवळच्या जातीचा संकर बराच झालेला आहे, त्यामुळे उद्या त्यांना परत न्यायचं म्हटलं तरी ते सोपं नाही. त्याला टिकवून धरलं आहे ते गयानातल्या करासाबाई गावच्या लोकांनी. त्यांनी पकडणं थांबवलं, आणि आता पक्षी बघायला येणाऱ्यांमुळे त्यांना तो रानात असण्यात फायदा दिसतो. ब्राझीलच्या सेआरा राज्यातला करड्या छातीचा कॉन्युअर तर याहून बोलका दाखला आहे. हा ग्रीन चीकचा जवळचा भाऊबंद. जंगलतोड आणि बाजार यांनी तो संपत आला होता. तिथल्या आक्वासिस या संस्थेनं डोंगरावरच्या रानात लाकडी घरट्या-पेट्या टांगल्या, गावकऱ्यांना सोबत घेतलं, आणि संख्या इतकी सावरली की २०१७ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एका पायरीनं खाली आला. रानातल्या जातीला ढोल्या आणि पेट्या वाचवतात. घरातल्या हौसेनं रान भरत नाही.

उत्तर अमेरिकेत असंच होऊन चुकलं आहे. कॅरोलिना पॅराकीट पिंजऱ्यात सहज राहायचा, लोकांकडे होता, प्राणिसंग्रहालयांत होता. त्याला जपून वाढवायचं कुणीही मनावर घेतलं नाही, आणि १९१८ च्या फेब्रुवारीत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात ‘इंकस’ नावाचा बहुधा शेवटचा पक्षी मेला. अलीकडे त्याच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात दीर्घकाळ खंगत गेलेल्या जातीच्या खुणा सापडल्या नाहीत. म्हणजे अंत झपाट्यानं झाला, आणि तो माणसानं केला. त्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेला जिवंत नातेवाईक होता सन कॉन्युअर.

हे झालं जातींबद्दल. पण या लेखाचा गाभा एकेका पक्ष्याचा आहे, आणि त्याच्या बाबतीत ‘तो माझ्यावर जीव टाकतो’ हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. मी ते खोटं मानत नाही. ज्यानं कॉन्युअर सांभाळला आहे त्याला ठाऊक असतं की दार वाजायच्या आधीच पक्षी हाक मारू लागतो, खांद्यावर चढून गालाला चिकटून बसतो. नवी पिसं येतात तेव्हा ती पांढऱ्या टोकदार आवरणात गुंडाळलेली असतात, आणि ती सुटायला चोचीनं कुरतडावी लागतात. अंगावरची पिसं पक्षी स्वतः मोकळी करतो, पण डोक्यावर आणि मानेवर स्वतःची चोच पोहोचत नाही. तिथलं काम रानात जोडीदार करतो. घरातला एकटा ग्रीन चीक म्हणून माणसाच्या बोटाखाली मान वाकवतो, डोळे अर्धे मिटतो आणि बोट थांबलं की ते हलकेच चोचीत धरून पुन्हा मानेकडे ओढतो. हे प्रेम नाही असं कोण म्हणेल? पण त्या वाकवलेल्या मानेकडे नीट पाहिलं तर तिथे एक रिकामी जागा दिसते. ती जोडीदाराची आहे. दिवसातले आठ-दहा तास माणूस घराबाहेर असतो, आणि तेवढा वेळ ती जागा रिकामीच असते.

पोपटांसाठी हाकेला काय अर्थ आहे, हे व्हेनेझुएलाच्या गवताळ प्रदेशातल्या संशोधनानं दाखवलं आहे. तिथे कुंपणाच्या खांबांना बांधलेल्या नळ्यांमध्ये पॅरटलेटच्या एका जातीची घरटी होतात, आणि संशोधकांनी वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला आहे. कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की आईबाप प्रत्येक पिल्लाला त्याची स्वतःची हाक देतात. पिल्लांची घरटी बदलून पाहिली, तेव्हा त्यांनी जन्मदात्यांची हाक न घेता वाढवणाऱ्यांची घेतली. म्हणजे ती रक्तातून येत नाही, शिकवली जाते. तीस ग्रॅमच्या पक्ष्याला नाव असतं, आणि ते त्याला घरच्यांनी दिलेलं असतं. पुढे थव्यात ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस’ असं विचारायला या हाका उपयोगी पडतात, आणि उत्तर येतंच. घरात मालक कामाला गेल्यावर कॉन्युअर जो तारस्वरात ओरडत राहतो, तो हाच प्रश्न आहे. आपण त्याला ‘ओरडण्याची वाईट सवय’ म्हणतो, पिंजऱ्यावर कापड टाकतो, त्याला दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो. उत्तर न येणाऱ्या थव्यात राहिलेल्या पक्ष्यानं आणखी काय करावं?

काही पक्षी ओरडणं सोडून देतात आणि स्वतःला उपटू लागतात. असा पक्षी एकदा जवळून पाहिला की विसरता येत नाही. छाती उघडी पडलेली, त्वचा सालटं निघाल्यासारखी, पोटऱ्यांवर राखाडी लव, आणि डोकं मात्र भरगच्च पिसांचं, कारण तिथवर त्याची चोच जात नाही. याला आजार, कोरडी हवा, खाण्यातलं न्यून अशी इतरही कारणं असतात, आणि आधी पशुवैद्याला दाखवायलाच हवं. पण एकटेपणा आणि रिकामा दिवस ही त्यातली मोठी कारणं आहेत. २०२१ मध्ये पन्नासएक जातींच्या सुमारे चौदाशे पाळीव पोपटांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या जातींचा मेंदू शरीराच्या मानानं मोठा, त्या पिंजऱ्यात एकसुरी, निरर्थक हालचाली जास्त करतात, आणि ज्यांना रानात अन्न सोलावं-फोडावं लागतं, त्यांच्यात पिसं खराब करण्याचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. मोठा मेंदू आणि छोटं शरीर ही जोडी मंक पॅराकीटमध्येही आहे. ‘छोटा आहे, कोपऱ्यात मावेल’ असा विचार करून जो घेतला जातो, त्याच्या गरजा त्याच्या आकारावर ठरत नाहीत. आयुष्यही आकारावर ठरत नाही. नीट सांभाळलेला ग्रीन चीक वीस वर्षांच्या पुढे जातो, सन कॉन्युअर त्याहूनही. शाळकरी मुलाच्या हट्टापायी आणलेला पक्षी ते मूल घर सोडून गेल्यावरही तिथेच असतो.

हँड फीडिंगबद्दल बोलायलाच हवं, कारण नुकसानाची सुरुवात तिथून होते. दोन-तीन आठवड्यांचं पिल्लू, डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसांच्या काड्या, ते घरट्यातून काढून डब्यात ठेवलं जातं आणि सिरिंजनं कोमट पेज भरवली जाते. पेज थोडी जास्त गरम झाली तर गळ्यातली अन्नपिशवी भाजते, थोडी गार झाली तर अन्न आतच आंबतं, घाईत भरवली तर श्वासनलिकेत जाऊन पिल्लू मरतं. अनुभवी ब्रीडर हे टाळू शकतात. पण कितीतरी पिल्लं याच अवस्थेत, सोबत सिरिंज देऊन, नवख्या माणसाला विकली जातात. ‘तुम्ही भरवलंत तर तुमच्यावरच लळा लागेल’ हे त्यामागचं आमिष. हे आमिष खोटं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑरेंज-विंग्ड अमेझॉन या दक्षिण अमेरिकेतल्याच, पण आकारानं मोठ्या पोपटांवर झालेल्या प्रयोगांत पिल्लं आईबापांकडेच ठेवली आणि रोज थोडा वेळ फक्त हाताळली. ती माणसाळली. पिल्लू माणसाळण्यासाठी अनाथ करावं लागत नाही.

अनाथ केल्याची किंमत पुढे वयात येताना मोजावी लागते. दीड-दोन वर्षांचा झाला की असा पक्षी माणसालाच जोडीदार समजतो. त्याच्यासमोर अन्न ओकून देतो, पाठ चोळू दिली की पंख ढिले सोडून थरथरतो, कपाटाच्या अंधाऱ्या फटीत घरटं शोधतो आणि घरातल्या दुसऱ्या कुणी जवळ यायचा प्रयत्न केला की रक्त निघेस्तोवर चावतो. मालकाला वाटतं पक्षी बिघडला. मग तो विकला जातो, पुढच्या घरी पुन्हा तेच, आणि पुन्हा नवं घर. हँडटेम, म्हणजे हातावर माणसाळलेला, म्हणून जास्त भाव देऊन घेतलेल्या कितीतरी पक्ष्यांची वाट अशी घराघरांतून जाते.

यावर पाळणाऱ्यांचा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप असा की ‘दोन पक्षी ठेवले तर ते एकमेकांतच रमतात, माझ्याकडे येत नाहीत.’ काही अंशी हे खरं आहे. जोडीतला पक्षी खांद्यावर कमी बसतो, बोलायला कमी शिकतो, कधी जोडीदाराच्या बाजूनं चावतोही. पण हा आक्षेप उलगडून पाहा. त्यात आपण काय कबूल करतो? की निवडायची संधी मिळाली तर पक्षी आपल्यासारख्या पक्ष्याला निवडेल, आणि तो माझ्याकडे यावा म्हणून ती संधी मी त्याला देत नाही. ज्या जिव्हाळ्यासाठी दुसऱ्याचे सगळे पर्याय बंद ठेवावे लागतात, तो जिव्हाळा टिकवायचा हक्क कुणाला आहे? आणि अनुभव असाही आहे की आईबापांकडे वाढलेला, रोज हाताळलेला, जोडीनं राहणारा कॉन्युअरही हातावर येतो, नाव घेतलं की उडत येतो, खाऊ घेतो आणि परत जोडीदाराजवळ जातो. तो परत जातो, एवढंच आपल्याला सहन करायला शिकावं लागेल.

मग बंधन विकणाऱ्यावर का? कारण पक्ष्यांच्या बाबतीत जे जे साधलं, ते व्यापाराला हात घातल्यावर साधलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोप्यांवर पिसं लावायच्या फॅशननं बगळ्यांपासून बर्ड ऑफ पॅराडाइजपर्यंत सगळ्यांची कत्तल चालली होती. इंग्लंडमध्ये १८८९ साली एमिली विल्यमसन आणि त्यांच्यासारख्या बायकांनी संघटना उभी केली. सुरुवातीची बरीच वर्षं टोपी घालणाऱ्या बायकांना लाज वाटायला लावण्यात गेली, आणि फॅशन चालूच राहिली. फरक पडला तो १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा झाल्यावर. त्या कायद्यानं कुणाच्या डोक्यावरची टोपी काढली नाही, बंदरावरचा माल अडवला. न्यूयॉर्क राज्यानं १९८४ मध्ये रानातून पकडलेले पक्षी विकायला मनाई केली, तीही विक्रीला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात स्वतः खाऊ न लागलेलं पिल्लू गिऱ्हाइकाच्या हाती द्यायला मनाई आहे. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या नियमांनुसार पोपटांसारख्या थव्यानं राहणाऱ्या प्राण्यांना स्वजातीची सोबत असावीच लागते. म्हणजे मी मागतो ते काही अशक्य कोटीतलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी ते जगात अस्तित्वात आहे.

बंदीमुळे चोरटा बाजार वाढेल, अशी भीती घातली जाते. सरसकट बंदीबद्दल ती रास्त आहे. पाळणंच गुन्हा ठरवलं तर लोक पक्षी लपवतील, आजारी पडला तरी डॉक्टरकडे नेणार नाहीत, आणि शेवटी खिडकी उघडतील. म्हणूनच मी पाळण्यावर बंदी मागत नाही. जोडीनं आणि मोठं करून विका, हा नियम मोडणं अवघड आणि पाळणं सोपं आहे. जोडी दिसते, पिल्लू स्वतः खातं की नाही हे कुणालाही पाच मिनिटांत कळतं. भाव वाढेल? वाढू दे. जागा जास्त लागेल, खर्च दुप्पट होईल आणि काही लोक घेणारच नाहीत. वीस वर्षांची जबाबदारी एका दुपारच्या लहरीत न घेतली जाणं यात वाईट काय आहे? ब्रीडरांचा धंदा कमी होईल, हेही खरं. ज्यांना पिल्लं घरट्यात राहू देण्याइतका धीर आहे, ते टिकतील. मुलांना निसर्गाची ओढ अशाच पक्ष्यांतून लागते, हा मुद्दाही मी हलका मानत नाही. पण दोन पक्षी एकमेकांची मान खाजवताना पाहून मुलाला जे कळेल, ते एकट्या पक्ष्याला शिट्टी शिकवून कळणार नाही.

आता ज्यांच्या घरी आजच एक एकटा पक्षी आहे, त्यांच्यासाठी. त्याला सोडू नका, आणि घाईनं दुसरा विकतही आणू नका. आधी सोडून दिलेले, नको झालेले पक्षी सांभाळणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा, तिथे बहुधा त्याच जातीचा कुणीतरी असतो. आलेला पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा आणि पशुवैद्याकडून तपासून घ्या. मग दोन पिंजरे एकमेकांना दिसतील असे, पण पाय चावता येणार नाहीत एवढ्या अंतरावर ठेवा. भेट व्हावी ती दोघांच्याही पिंजऱ्याबाहेर, उडायला जागा असलेल्या खोलीत. वर्षानुवर्षं एकटा राहिलेला पक्षी दुसऱ्याला पाहून आधी घाबरतो, कधी अंगावर धावून जातो, आणि काही जोड्या कधीच जमत नाहीत. त्या शेजारी-शेजारी राहिल्या तरी चालतं, हाकेला उत्तर तरी मिळतं. पिल्लं वाढवायची नसतील तर घरट्याची पेटी देऊ नका, कापडी तंबूही काढून टाका, कारण तो पक्ष्याला ढोलीसारखाच वाटतो आणि त्याचे धागे पोटात जातात. तरी मादीनं अंडी घातलीच, तर ती लगेच उचलू नका, नाहीतर ती आणखी घालत राहते आणि शरीरातलं कॅल्शियम संपतं. त्या जागी प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा आणि तिचा तिलाच कंटाळा येईपर्यंत तिथेच राहू द्या.